ऊन उतरलं, शीण उतरला नाही: नागपूरच्या एका हौशी ट्रायथलीटचं प्रकरण

नोव्हेंबर लागला की नागपुरात धावणाऱ्या प्रत्येकाचा वेग आपोआप वाढतो. मार्च ते जून उन्हाने भाजून काढलेलं असतं, पावसाळ्यात दमटपणाने जीव नकोसा होतो, आणि मग दिवाळीनंतर एके दिवशी पहाटे फुटाळा तलावावर हवा अंगाला लागते आणि पाय हलके होतात. आम्ही या दिवसाची वाट वर्षभर बघतो.

१७ नोव्हेंबर २०२४ चा रविवार तसाच होता. ग्रुपमधले आम्ही चौदा जण सेमिनरी हिल्सच्या चढावर होतो आणि जो तो घड्याळ बघून खूश होत होता. ज्यांचं हे प्रकरण आहे त्या, आमच्या ग्रुपमधल्या ताई, मात्र चढाच्या मध्यावर थांबल्या, गुडघ्यांवर हात टेकले आणि म्हणाल्या, "दादा, दम नाही लागला जी. पाय उचलतच नाही."

त्या आधीचे आठ महिने मी त्यांना एकच उत्तर देत आलो होतो: ऊन आहे, धीर धरा, थंडी पडली की सगळं ठीक होईल. आता थंडी पडली होती.

हे प्रकरण मी ताईंच्या परवानगीने लिहितो आहे. नाव द्यायचं नाही, बाकी सगळं लिहा, असं त्यांचंच म्हणणं. रिपोर्टच्या झेरॉक्स त्यांनी स्वतः आणून दिल्या. मी डॉक्टर नाही. बारा वर्षांपासून धावतो आणि सकाळच्या ग्रुपला हौसेने शिकवतो, एवढीच माझी पात्रता. म्हणूनच हे लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण आपल्याकडे हौशी खेळाडूंचं बहुतेक प्रशिक्षण माझ्यासारखेच लोक करतात.

दहा किलोमीटरपासून ट्रायथलॉनपर्यंत

ताईंचं वय तेव्हा ४१. शाळेत गणित शिकवतात. घरी नवरा, सासूबाई, दोन मुलं. जेवण पूर्ण शाकाहारी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर त्या फुटाळ्याच्या काठाने चालायला लागल्या. चालता चालता धावायला लागल्या. डिसेंबर २०२२ मध्ये पहिली १० किलोमीटरची स्पर्धा १ तास ८ मिनिटांत पूर्ण केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये मुंबईची हाफ मॅरेथॉन २ तास १६ मिनिटांत. पायाला दुखापत नाही, सराव चुकवणं नाही. गणिताच्या बाई असल्याने आकड्यांची वही अशी ठेवत की आमच्या ग्रुपमधले बाकीचे ती बघायला मागत असत.

मुंबईहून परतल्यावर त्यांनी ट्रायथलॉनचं, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या स्पर्धेचं, मनावर घेतलं. नागपूरला या वेडाची पार्श्वभूमी आहे. इथलेच डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण करून आले, आणि त्यानंतर पहाटे वर्धा रोडवर, अमरावती रोडवर सायकलींचे दिवे दिसायचं प्रमाण नजरेत भरण्याइतकं वाढलं. ताईंनी डोळ्यांसमोर ठेवली ती गोव्याची ७०.३. पोहणं १.९ किलोमीटर, सायकल ९०, धावणं २१.१. मिळून ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल, म्हणून तसं नाव. तिन्ही एकामागून एक, मध्ये विश्रांती नाही, आणि पोहणं समुद्रात.

धावणं होतं. सायकल शिकता येण्यासारखी होती. पोहणं शून्य. उत्तर अंबाझरी मार्गावरच्या नागपूर सुधार प्रन्यासाच्या जलतरण तलावात त्यांचे पहिले दोन आठवडे कठडा धरून पाण्यात तोंड घालण्यात आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडण्यात गेले. मोठ्या माणसाला पोहणं जड जातं ते हातापायांमुळे कमी आणि श्वासामुळे जास्त. घाबरलेला माणूस श्वास कोंडून ठेवतो, पाण्यात सोडत नाही. मग तोंड वर काढल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, एवढा वेळच उरत नाही. दोन हातांत धाप लागते. ताईंनी हे गणितासारखं सोडवलं: चार आकडे मोजत सोडायचा, एका झटक्यात घ्यायचा. सव्वा महिन्यात त्या न थांबता ४०० मीटर पोहू लागल्या, ११ मिनिटं २० सेकंदांत.

मार्चपर्यंत सगळं चढतं होतं.

वहीतले आकडे

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही एक साधी चाचणी करतो. ठरलेल्या सपाट रस्त्यावर ५ किलोमीटर धावायचं, पण हार्ट रेट १४० च्या वर जाऊ द्यायचा नाही. वेग जसा येईल तसा. तब्येत सुधारत असेल तर त्याच ठोक्यांत वेळ कमी होत जातो. ताईंची वही अशी: फेब्रुवारीत ३६ मिनिटं १० सेकंद. एप्रिलमध्ये ३८:४०. मे महिन्यात ४०:३०.

इथपर्यंत घाबरण्यासारखं काही नव्हतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि पहाटे पाचलाही रस्ता खालून गरम लागतो. अशा वेळी हृदयाला दोन कामं असतात. स्नायूंना रक्त पुरवायचं आणि अंग थंड ठेवण्यासाठी कातडीकडेही पाठवायचं. घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यामुळे तेवढंच काम करायला ठोके जास्त पडतात. म्हणून १४० च्या आत राहायचं तर वेग कमी करावाच लागतो. शरीर दहा-पंधरा दिवसांत उन्हाला बरंचसं सरावतं, तरी मे महिना तो मे महिनाच. ग्रुपमधल्या प्रत्येकाचा वेळ वाढला होता. ताईंचा जरा जास्त वाढला होता, एवढंच.

पण त्याच वहीत आणखी एक आकडा होता आणि तो मी वाचला नाही. तलावातले ४०० मीटर मार्चमध्ये ११:२० ला होत होते. जूनमध्ये १२:३०. तलावात कुठलं आलं ऊन? सकाळी सहाच्या पाण्यात उन्हाचा काय संबंध? नवशिक्याचा वेळ तीन महिन्यांत कमी व्हायला हवा, तो एक मिनिट दहा सेकंदांनी वाढतो, याचा अर्थ मी तेव्हाच विचारायला हवा होता. मी म्हणालो, तंत्र बिघडलं असेल.

घरी सासूबाईंचं वेगळंच निदान होतं. "बाई, तू वाळून चालली. कायले धावते एवढी?" नवऱ्याला वाटत होतं शाळेचा ताण आहे. शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, वय झालं आता. ग्रुपमधल्या एकाने सांगितलं, मनाचा जोर कमी पडतोय. आणि मी सांगितलं, आठवड्यात एक ब्रिक वाढवा, म्हणजे सायकलवरून उतरल्या उतरल्या लगेच धावणं. थकलेल्या माणसाच्या पाठीवर मी आणखी एक पोतं ठेवलं.

जुलैत त्यांनी स्वतःहून रक्त तपासून घेतलं. साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. हिमोग्लोबिन १२.१. लॅबच्या कागदावर बाईसाठी १२ च्या वर म्हणजे नॉर्मल, त्यामुळे तो कागद ठळक अक्षरांशिवाय आला. ताईंनी मला दाखवला, मी म्हणालो, बघा, रक्त चांगलं आहे. त्या दिवसापासून त्यांनी दोष स्वतःलाच द्यायला सुरुवात केली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. कागद म्हणतो मी ठीक आहे, मग मीच आळशी असेन.

सप्टेंबरात बाजारगावपर्यंत जाऊन परत यायच्या सायकल फेरीत त्या परतीच्या वाटेवर रस्त्याच्या कडेला बसल्या आणि नवऱ्याला गाडी घेऊन बोलावलं. २०२४ च्या गोव्याच्या स्पर्धेतून नाव मागे घेतलं.

आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या गार हवेत, १४० च्या ठोक्यांवर ५ किलोमीटर: ४१ मिनिटं. मे महिन्यापेक्षाही जास्त. ऊन हेच कारण असतं तर ऊन गेल्यावर वेळ खाली आला असता. ग्रुपमधल्या बाकीच्यांचा आला होता. त्यातही मी आणखी दोन आठवडे काढले, सेमिनरी हिल्सच्या त्या चढापर्यंत.

जो प्रश्न तीन वर्षांत विचारला नाही

त्या दिवशी धावून झाल्यावर आमच्या ओळखीच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ भेटल्या. त्याही धावतात, दुसऱ्या ग्रुपबरोबर. मी त्यांना सगळी कथा सांगितली. हार्ट रेट, पेस, झोप, वजन, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला बाजूला ठेवून ताईंना विचारलं, "पाळी कशी आहे?"

ताईंनी सांगितलं ते मी दोन पावलांवरून ऐकलं आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं. गेल्या वर्षभरापासून पाळी आठ-आठ दिवस. दुसऱ्या दिवशी दर तास-दीड तासाला पॅड बदलावं लागायचं. गाठी पडायच्या. शाळेत दोन तासांच्या मध्ये धावत जावं लागायचं. लाँग राइडचे रविवार त्या याच हिशोबाने मागे-पुढे करत होत्या आणि मला सांगायच्या, घरी पाहुणे आहेत.

माझ्याकडे ताईंच्या बुटांचे किलोमीटर लिहिलेले होते. कुठला जोड ६२० झाला, कुठला बदलायला आला, हे मी तोंडपाठ सांगू शकलो असतो. दर महिन्याला अंगातून किती रक्त जातं, याची नोंद वहीत कुठेच नव्हती. रकानाच नव्हता. ताईंना पुढे विचारलं की सांगितलं का नाही, तर म्हणाल्या, "दादांना हे काय सांगायचं?" त्यांचं बरोबरच होतं. मी कधी सांगण्यासारखी जागाच ठेवली नव्हती.

डॉक्टरांनी चार तपासण्या लिहून दिल्या. पुन्हा सीबीसी, फेरिटिन, बी-१२ आणि सोनोग्राफी. तपासणी कठीण सरावानंतर लगेच किंवा ताप-सर्दीत करू नका, असं बजावलं, कारण शरीरात दाह असला की फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. हिमोग्लोबिन आता ११.४. तांबड्या पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, ७७. लहान. फेरिटिन ८. पेशी लहान दिसल्यावर त्यांनी हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणीही करून घेतली. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे आणि थॅलेसेमियाच्या वाहकांमध्येही पेशी लहान दिसतात, म्हणून नुसत्या अंदाजावर लोह सुरू करणं त्यांना पटत नव्हतं. ती तपासणी निर्दोष आली. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड (कर्करोगाची नसलेली गाठ) निघाला. बी-१२ काठावर.

फेरिटिन म्हणजे शरीराची लोहाची कोठी. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरातला डबा. घरात धान्य कमी यायला लागलं की आधी कोठी रिकामी होते, डबा मात्र बरेच दिवस भरलेला दिसत राहतो. जुलैत आम्ही डब्यात डोकावलो आणि घर भरलेलं आहे असं समजलो. १५ च्या खाली फेरिटिन गेलं की लोहाची कमतरता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे, आणि सहनशक्तीच्या खेळात असलेल्यांसाठी बरेच डॉक्टर ३० च्या आसपासच सावध होतात. शिवाय लोह फक्त रक्तात लागतं असं नाही. स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिनला ते लागतं आणि पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही. म्हणून हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही पाय उचलत नाहीत. "दम नाही लागला, पाय उचलत नाही" हे ताईंचं वाक्य अगदी नेमकं होतं, ऐकणारा कच्चा होता.

मुख्य गळती पाळीची. पण लांब पल्ल्याचा सराव त्यात भर घालतो. पावलांच्या आपटण्याने थोड्या तांबड्या पेशी फुटतात. थोडं लोह घामातून आणि आतड्यातून जातं. आणि कठीण व्यायामानंतर तीन ते सहा तासांच्या काळात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक रक्तात वाढतं आणि आतड्यातून लोह आत घ्यायचं दार अर्धवट लावून घेतं. ताई पहाटे धावायच्या आणि नेमक्या त्याच तासांत त्यांचं दिवसाचं मुख्य जेवण व्हायचं.

त्यात आमचा रविवारचा रिवाज. धावून झालं की तर्री पोहे आणि त्यावर लगेच कडक चहा, कधी दोन कप. पोह्यात लोह असतं, तर्रीतल्या चण्यात असतं, वर पिळलेल्या लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषून घ्यायला मदत करतं. एवढं चांगलं ताट समोर येतं आणि त्यावर आपण चहा ओततो. चहातली टॅनिनं वनस्पतींमधलं लोह पकडून ठेवतात, शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. ताई घरीही दोन्ही जेवणांवर चहा घेत. नागपुरात कोण घेत नाही?

पुढचे अकरा महिने

डॉक्टरांनी पाळीच्या दिवसांसाठी रक्तस्राव कमी करणारं औषध दिलं आणि फायब्रॉइडवर लक्ष ठेवायचं ठरवलं. लोहाची गोळी एक दिवसाआड, सकाळी रिकाम्या पोटी, लिंबू-पाण्याबरोबर. रोज घेतली तर लवकर बरं वाटेल असं ताईंना वाटत होतं. पण गोळी घेतल्यावरही हेप्सिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीचं शोषण घटतं, शिवाय रोजच्या गोळीने पोटही बिघडतं. बी-१२ वेगळं. चहा बंद केला नाही, जेवणापासून दीड-दोन तास लांब नेला. ताईंच्या मते सगळ्या उपचारात हेच सर्वांत कठीण होतं.

सरावात मी काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण ते सोपं होतं. आठ आठवडे चढ बंद, ब्रिक बंद, वेगाचा सराव बंद. हळू धावणं आठवड्यात तीन वेळा, पोहणं चालू. ताईंना याचा राग यायचा. दोन वेळा मी न सांगितलेलं अंतर त्या धावून आल्या आणि वहीत प्रामाणिकपणे लिहिलंही.

जानेवारीत तलावातले ४०० मीटर पुन्हा ११:२५ वर आले. सुधारणा पाण्यात आधी दिसली. फेब्रुवारी २०२५ च्या चाचणीत ५ किलोमीटर ३७:२०. एप्रिलमध्ये हिमोग्लोबिन १३, फेरिटिन ३४. मे महिन्यात पुन्हा तेच ऊन, तोच तापलेला रस्ता, वेळ ३९ मिनिटं. हा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ताईंच्या बाबतीत नागपूरच्या मे महिन्याची खरी किंमत दोन मिनिटांच्या आतबाहेर होती, हे तेव्हा कळलं. आदल्या वर्षी बाकीचं सगळं मी उन्हाच्या खात्यावर मांडलं होतं.

२०२५ च्या नोव्हेंबरात गोव्याला समुद्रात १.९ किलोमीटर ५४ मिनिटांत, सायकल ३ तास ५० मिनिटं, धावणं २ तास ४४. मधले बदल धरून ७ तास ४१ मिनिटं. नागपूरच्या तलावात कठडा धरणारी बाई लाटांमध्ये कशी पोहली, हे त्या स्वतः कधीतरी लिहितील. धावण्याच्या शेवटच्या टप्प्यात त्या चालल्या, ऊन फार होतं, आणि या वेळी ते खरोखर ऊनच होतं.

हे एकाच व्यक्तीचं प्रकरण आहे, म्हणून एक इशारा द्यायलाच हवा. प्रत्येक थकव्यामागे लोह नसतं. थायरॉइड असू शकतं, कमी झोप, कमी खाणं, नुसता अतिसराव असू शकतो. हे वाचून कुणी दुकानातून गोळ्या आणून सुरू करू नयेत. जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही आणि ते यकृतात, हृदयात साचतं. पुरुषाचं फेरिटिन कमी निघालं तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का, हे डॉक्टरांनी बघणं फार आवश्यक असतं. पण तपासणी करून घ्यायला काय हरकत आहे? काही शे रुपयांत होते, आपण बुटांच्या एका जोडावर त्याच्या कितीतरी पट घालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांची ही गत आहे, तिथे धावायला आलेल्या बाईला पहिला प्रश्न बुटांचा विचारणं मला आता बरोबर वाटत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये ताई धरून सात बायका आहेत. उरलेल्या सहाही जणींनी तपासून घेतलं. एकीचं फेरिटिन ११ निघालं. तिची काहीच तक्रार नव्हती, ती १० किलोमीटर चांगलं धावत होती. तीही आता उपचार घेते आहे.

वहीत नवा रकाना आला आहे: पाळीचे दिवस, कमी, नेहमीची की जास्त, एवढंच. आधी मी तो स्वतः भरून घ्यायला लागलो तर दोघींनी सरळ कोरा ठेवला. तेव्हापासून बायकांच्या वह्या ताई बघतात. मला फक्त एवढं सांगतात, अमकीला या आठवड्यात चढ नको. मी कारण विचारत नाही.